आईचा कागद, लेकीचा कागद

पालकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि तिच्यावरून मुलाला चिंतेचा आजार आहे का याचा अंदाज बांधायचा, या पद्धतीच्या मी बरीच वर्षं विरोधात होते. विरोध मनात ठेवला नव्हता. डॉक्टरांच्या बैठकांत उभी राहून बोलले आहे, तरुण सहकाऱ्यांना ‘असले कागद वाटू नका’ असं सांगितलं आहे. माझा बालरोगाचा दवाखाना बारामतीत. आठवड्यातून एकदा इंदापूरला जाते. आज दोन्हीकडच्या टेबलांच्या खणात त्याच प्रश्नावलीचे दोन गठ्ठे असतात, एक पालकांसाठी आणि एक मुलांसाठी. मत का बदललं ते लिहून ठेवायचं आहे. जुने आक्षेप सगळे गळून पडलेत असं नाही, म्हणून जरा तपशिलात जावं लागेल.

आमच्या भागात चिंता घेऊन दवाखान्यात कुणी येत नाही. पोटदुखी घेऊन येतात. ‘मॅडम, शाळंची येळ झाली की हिच्या पोटात कळ येतीय, रविवारी काय नसतंय.’ डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, परीक्षेच्या दिवशी उलटी होते, रात्री दचकून उठतो. माझ्यापर्यंत येईतो सोनोग्राफी झालेली असते, रक्त-लघवी तपासलेली असते, जंताचं औषध दोनदा पाजून झालेलं असतं. आजीनं दृष्ट काढलेली असते. कुणीतरी देवऋषाकडचा अंगाराही आणलेला असतो. वडिलांचं मत बहुधा ठरलेलं: ‘नाटकं करतंय.’ अशा मुलाशी बोलायला दार लावून निवांत बसावं लागतं, एवढंच मला माहीत होतं. त्यात छापील कागदाचं काय काम, हा माझा पहिला प्रश्न होता.

दुसरा प्रश्न कागदाच्या गावाचा. सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली ‘स्केअर्ड’ या नावाने ओळखली जाते. बोरिस बर्माहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अमेरिकेत पिट्सबर्गला तयार केली आणि १९९७ साली प्रसिद्ध केली. आज वापरतात त्या रूपात एकेचाळीस विधानं. गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक विधान मुलाला किती लागू पडलं ते सांगायचं: लागू नाही तर शून्य, थोडंफार किंवा कधीकधी लागू असेल तर एक, बहुतेक वेळा लागू असेल तर दोन. बेरीज २५ किंवा त्याहून जास्त झाली तर मुलाकडे नीट बघायला हवं. हीच विधानं पालकांसाठी ‘माझं मूल’ अशी आणि मुलांसाठी ‘मी’ अशी लिहिलेली आहेत. पाच गटांत त्यांची विभागणी होते: शरीरातून उठणारी धास्ती, सतत कशाची ना कशाची काळजी, आईबापांपासून दूर व्हायची भीती, चारचौघांची भीती आणि शाळेची टाळाटाळ.

ही प्रश्नावली ज्यांच्यावर बेतली ती ३४१ मुलं आधीच मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात आलेली होती. दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेल्या मुलांवरून आखलेली २५ची रेषा निमगाव केतकीच्या शाळेतल्या वर्गावर कशी ठेवायची? एका विधानात मूल एकटं झोपायला घाबरतं का, असं विचारलं आहे. आमच्याकडे दोन खोल्यांच्या घरात सात माणसं झोपतात. एकटं झोपायची वेळच मुलावर येत नाही. आई गोंधळून माझ्याकडे बघते आणि काहीतरी खूण करते. त्या खुणेची बेरीज करून मी कुठला निष्कर्ष काढायचा?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात बिनतोड वाटायचा. आई जे लिहिते ते मुलाचं असतं की तिचं स्वतःचं? घाबरलेली आई मुलात भीती बघते, थकलेल्या आईला काहीच दिसत नाही, आणि वडिलांना पहिली खूण करायच्या आधीच घाई झालेली असते. या आक्षेपाला माझ्याकडे आकड्यांचा आधारही होता. थॉमस आखेनबाख आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलाच्या वागण्याबद्दल वेगवेगळ्या माणसांनी दिलेली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, हा प्रश्न होता. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे तंतोतंत मेळ, असं धरलं तर आई आणि वडील ही जोडी ०.६०च्या आसपास आली. मोठ्यांची उत्तरं आणि मुलाची स्वतःची उत्तरं यांचा मेळ मात्र जेमतेम ०.२२ होता. मी हा आकडा बैठकांत सांगायचे आणि म्हणायचे, आईची साक्ष आणि मुलाची साक्ष एवढी वेगळी निघत असेल तर या कागदावर विश्वास ठेवायचा कसा?

तोच ०.२२ आज मला प्रश्नावलीच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

बदल एका दिवसात झाला नाही. सुरुवात झाली ती उजनीच्या पाणलोटाकडच्या एका गावातल्या नववीतल्या मुलीपासून. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, इथे आणि पुढेही.) वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी, महिन्यातून आठ-दहा दिवस पोटदुखीने घरी. तपासण्या सगळ्या स्वच्छ. त्या काळात माझ्याकडे शिकायला आलेली एक तरुण डॉक्टर होती, तिचा या प्रश्नावलीवर विश्वास होता. तिच्या आग्रहाखातर आम्ही आईला बाहेरच्या बाकावर एक कागद दिला आणि मुलीला आत दुसरा. आईच्या कागदावर जवळजवळ सगळी शून्यं होती. फक्त शाळेत पोट दुखणं आणि डोकं दुखणं यांपुढे दोन. मुलीचा कागद भरून गेला होता. अनोळखी माणसांपुढे बोलता येत नाही, वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, लोक आपल्याकडे बघताहेत असं वाटतं, आपलं कसं होणार याची काळजी संपत नाही.

मी तेव्हाही म्हणाले, बघा, दोन्ही जुळत नाहीत, टाका बाजूला. पण ती तरुण डॉक्टर मुलीला विचारून, तिचा होकार घेऊन, दोन्ही कागद आईपुढे शेजारी शेजारी ठेवून बसली. आईला अक्षर लावून वाचता येत होतं. तिने लेकीचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, परत वाचला, आणि म्हणाली, ‘हे समदं मला दिसत होतं की. पण मला ते चांगलं वाटत होतं. पोरगी कुणाशी बोलत न्हाई, मान वर करत न्हाई, गुणाची हाय असंच सगळी म्हणत्यात.’

त्या दोन कागदांमधलं अंतर म्हणजे आईचा निष्काळजीपणा नव्हता, आणि मुलीची अतिशयोक्तीही नव्हती. ज्या वागण्याची घरात आणि गावात स्तुती होते, ते वागणं आई भीतीच्या रकान्यात कशाला मांडेल? मुलगा असाच गप्प राहिला असता तर ‘बुजरा आहे, पुढं कसं व्हायचं याचं’ म्हणून कुणीतरी कुरकुर केली असती. मुलीच्या बाबतीत सगळं घर समाधानी होतं. मी त्या मुलीशी एक तास बोलले असते तर तिची भीती मला कदाचित कळली असती. पण ती भीती घराला दिसूनही का दिसत नाही, ते मला कळलं नसतं. ते फक्त दोन उत्तरं एकमेकांशेजारी ठेवल्यावर कळलं.

मग मी मुद्दाम न जुळणारे कागद शोधायला लागले. उलटं उदाहरण बारामतीतच मिळालं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा. आईच्या कागदाची बेरीज रेषेच्या कितीतरी वर. मुलाच्या कागदावर सगळी शून्यं, आणि तो खोटं बोलतोय असं अजिबात वाटत नव्हतं. हसतमुख, मोकळा. पूर्वी मी म्हटलं असतं की घाबरलेली आई आहे, तिलाच धीर द्या. या वेळी आईला एकेका विधानापाशी थांबवून विचारलं, हे घडतं तेव्हा तुम्ही काय करता? त्याबरोबर घराचा सगळा दिवस उलगडला. ती त्याला रोज वर्गाच्या दारापर्यंत सोडायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत शाळेच्या आवारात बसून राहायची. रात्री त्याचा हात धरून झोपायची. पाहुणे येणार असले की त्याला आधीच मावशीकडे पाठवायची. वडील एमआयडीसीतल्या कामावरून ठरलेल्या वेळी फोन करायचे; फोन पाच मिनिटं उशिरा आला तर काय होतं ते माहीत असल्यामुळे कधीच उशीर करायचे नाहीत. मुलाच्या कागदावरची शून्यं खरी होती. भीती वाटण्याचा प्रत्येक प्रसंग घराने त्याच्या वाटेतून आधीच उचलून ठेवला होता. त्याला भीती वाटायला जागाच उरली नव्हती, आणि आई मात्र सुकून गेली होती.

इथून माझा प्रश्नच बदलला. या दोघांपैकी कुणाचं खरं, असं मी विचारत होते. आता मी विचारते की ही दोघं कुठे उभी राहून बघताहेत. आई घरातून बघते, शिक्षक वर्गातून, मूल आतून. उत्तरं तंतोतंत जुळली असती तर एकालाच विचारून भागलं असतं. आखेनबाख आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी हेच मांडलं आहे, की वेगवेगळ्या ठिकाणाहून बघणाऱ्यांची उत्तरं वेगळी असणं हा मोजमापाचा दोष म्हणून झटकून टाकू नये. त्यांचं ते म्हणणं मी आधीही वाचलं होतं. आकडा घेतला होता, म्हणणं घेतलं नव्हतं.

त्या मुलाच्या घराने आणखी एक गोष्ट माझ्यापुढे आणून ठेवली, आणि मत पक्कं झालं ते तिच्यामुळे. शोधून काढायचं कशासाठी, तर उपचार करता यावेत म्हणून. चिंतेच्या आजारावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. २००८ साली अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. नुसत्या गोळ्यांनी सुमारे ५५ टक्के मुलं बरीच सुधारली, विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या थेरपीने सुमारे ६० टक्के, दोन्ही मिळून सुमारे ८१ टक्के. औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने सुमारे २४ टक्के. निकाल उत्तम, पण ती थेरपी द्यायला शिकलेली माणसं कुठून आणायची? नीरा नरसिंहपूरच्या बाजूच्या बाईला मुलाला घेऊन दर आठवड्याला बारामतीत या म्हणायचं म्हणजे दर आठवड्याची एक मजुरी बुडवा म्हणायचं. त्या बारा-चौदा खेपा होत नाहीत. मी बघत आले आहे, तिसऱ्या खेपेनंतर माणसं दिसेनाशी होतात.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी २०२० साली एक वेगळी चाचणी प्रसिद्ध केली. १२४ मुलं, सगळ्यांना चिंतेचा आजार. निम्म्यांना नेहमीची थेरपी दिली. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत मुलांना उपचाराला बोलावलंच नाही, फक्त पालकांना शिकवलं: मुलाच्या भीतीपुढे घराने केलेल्या तडजोडी हळूहळू, ठरवून, प्रेमाने कशा कमी करायच्या, आणि ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू ती निभावशील याची मला खात्री आहे’ हे कसं सांगायचं. पालकांना शिकवलेली वाट थेरपीपेक्षा उणी ठरली नाही. ते वाचताना मला तो मुलगा आणि मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत बसणारी त्याची आई आठवली. पालकांचा कागद मुलाचा आजार मोजायला कच्चा आहे, हे माझं म्हणणं खरं धरलं तरी घर काय करतंय हे त्याच कागदावरून कळतं, आणि आमच्यासारख्या तालुक्यात उपचार सुरू करता येण्याजोगी जागा बहुतेकदा तीच असते.

म्हणून आता मी कागद भरून घेते तो असा. शक्य असेल तेव्हा आई आणि वडील दोघांना वेगवेगळा देते. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना वाचून दाखवते, घाई करत नाही. एकटं झोपण्याबद्दल विचारताना ‘आई बाहेरगावी गेली तर आजीजवळ झोपतो का’ असं विचारते आणि ते उत्तर बेरजेत धरत नाही. प्रत्येक ‘दोन’पाशी ‘मग तुम्ही काय करता?’ हा कागदावर नसलेला प्रश्न विचारते. बेरीज शेवटी बघते. वडिलांचा कागद मिळवणं अवघड जातं, पण मिळाला की उपयोगी पडतो. ‘नाटकं करतंय’ म्हणणाऱ्या माणसाने शाळेच्या भीतीपुढे गुपचूप ‘दोन’वर खूण केलेली मी पाहिली आहे. तोंडाने त्याला ते म्हणता आलं नसतं.

काही मुलांपर्यंत पालकांचा कागद पोहोचतच नाही, आणि ती मुलं आमच्या भागात थोडी नाहीत. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथल्या कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात, नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते. तिचा कागद कोण भरणार? आणि भरला तरी, रात्री उघड्यावर झोपायला तिला भीती वाटते हे उत्तर मी आजार म्हणून वाचायचं का? तिला वाटते ती भीती रास्त आहे. तिला हवी आहे ती कडी लावता येणारी खोली आणि चालू असलेली शाळा. दुसऱ्या टोकाला बारामतीतली वसतिगृहं आहेत. नीट-जेईईच्या तयारीला आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं महिन्यातून एकदा आईवडिलांना भेटतात, ते दोन तास हसून काढतात. त्या पालकांचा कागद गेल्या तीन महिन्यांबद्दल काय सांगणार? इथे मी मुलाचाच कागद घेते, आणि त्याच्या परवानगीशिवाय तो कुणाला दाखवत नाही.

आता माझ्या जुन्या आक्षेपांपैकी उभे राहिलेले दोन. एक, ती २५ची रेषा. ती आमच्या मुलांवर तपासून घेतल्याशिवाय मी तिला निकाल मानणार नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या गोव्यात अरविंद पिल्लई, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १२ ते १६ वयाच्या दोन हजारांवर मुलांना कोकणीतून विचारलं, २००८ साली निष्कर्ष आले: १.८१ टक्के. मोजण्याची रीत आणि ठिकाण बदललं की आकडा इतका बदलतो.

दुसरा आक्षेप सरसकट वाटपाला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने ऑक्टोबर २०२२मध्ये ८ ते १८ वयाच्या सगळ्या मुलांची चिंतेच्या आजारासाठी तपासणी करावी अशी शिफारस केली, तेव्हापासून आमच्याकडेही शाळाशाळांत कागद वाटायचा उत्साह दिसतो. थोडा हिशोब करू. समजा हजार मुलांत चाळीस जणांना आजार आहे. प्रश्नावली आजारी मुलांतल्या चौघांपैकी तिघांना पकडते आणि निरोगी मुलांतल्या चौघांपैकी तिघांना मोकळं सोडते, असंही समजू. मग तीस आजारी मुलं हाती लागतात, दहा निसटतात, आणि दोनशे चाळीस निरोगी मुलं त्याच यादीत येतात. दोनशे सत्तर मुलांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर, आणि त्यांच्याशी बोलायला एकही माणूस नाही. लहान गावात अशी यादी दोन दिवसांत चावडीपर्यंत पोहोचते, आणि मुलीच्या नावापुढे लागलेली खूण तिच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत टिकते. जेम्स विल्सन आणि गुनर युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली लिहिलेल्या कसोट्यांत हे स्वच्छ सांगून ठेवलं आहे: निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी नसेल तर आजार शोधत फिरू नये.

सोय अगदीच नाही असंही आता म्हणता येत नाही. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची फुकट मदत मराठीतून मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३पासून वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जाते. जन्मजात व्यंग, कमतरता, बालपणीचे आजार, वाढीतला विलंब हे सगळं ती पाहते. त्या पथकातल्या डॉक्टरांना न जुळणारे कागद वाचायला शिकवावं, असं मी आता त्याच बैठकांत उभी राहून सांगते.

इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मध्यंतरी आठवी ते दहावीच्या सगळ्या वर्गांत प्रश्नावली द्यायची का, असं विचारलं. मी म्हटलं, आधी एक शिक्षिका नेमा जिच्याशी मुलं बोलतात, आणि पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक मुलाला भेटता येईल असा वार ठरवा. कागद शाळेत राहणार नाहीत, यादी होणार नाही. त्यांनी शनिवारची दुपार मोकळी करून दिली आहे. पहिल्या खेपेला आठवीचा एकच वर्ग घेणार आहोत. पालकसभेला आयाच येतात, म्हणून वडिलांचे कागद कारखान्याची पाळी सुटल्यावर संध्याकाळी भरून घ्यायचं ठरलंय.